दादाचं नाव कुठे कोरायचं?

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात माझा थोरला भाऊ गेला. नाशिक ग्रामीण पोलीस दलात हवालदार होता. रात्रीच्या नाकाबंदीत एक गाडी थांबलीच नाही, त्याला उडवून गेली. केस कोर्टात चालू आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात. मी, वहिनी आणि तिची दोन मुलं पंचवटीत राहतो. वर्ष भरायला तीन-साडेतीन महिने उरलेत. दादाच्या मित्रांनी महामार्गाच्या फाट्यावर अर्धपुतळा उभारायचं ठरवून वर्गणी सुरू केली आहे. वडील म्हणतात, गावजेवण घालू. वहिनी काहीच बोलत नाही. दोन वर्षांत सगळे विसरतील याची मला भीती वाटते. नेमकं काय करावं?
— एक धाकटा भाऊ, पंचवटी

उत्तर : पहिलं काम आडगावच्या पोलीस मुख्यालयात आहे, फाट्यावर नाही. पुतळ्याचं नंतर बोलू.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. मागच्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून यंदाच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्य बजावताना प्राण गेलेल्या पोलिसांची नावं त्या दिवशी संचलनाच्या मैदानावर वाचली जातात. तुमचे दादा नोव्हेंबरात गेले, म्हणजे त्यांचं नाव यंदाच्याच यादीत यायला हवं. पुढच्या वर्षी नवी यादी असते. ही संधी एकदाच येते, म्हणून घाई करा.

आडगावला ग्रामीण पोलीस मुख्यालयात जाऊन पोलीस अधीक्षकांच्या नावे एका पानाचा अर्ज द्या. सेवापुस्तकात आहे तसं पूर्ण नाव, बक्कल नंबर, पोलीस ठाणं, मृत्यूची तारीख आणि जागा, गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, एवढं त्यात असू द्या. सोबत एफआयआरची आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. विचारायचं एकच : यादीसाठी नाव वर गेलं आहे का, आणि गेलं असेल तर कसं लिहून गेलं आहे? नाव बहुतेक वेळा तिथेच बिघडतं. मराठी नाव इंग्रजीत जातं आणि परत देवनागरीत येतं तेव्हा ढिकलेंचे धिकाले होतात, पिंगळेंचे पिंगले. मग मैदानावर ध्वनिक्षेपकातून चुकीचं नाव ऐकू येतं आणि आईवडील आयुष्यभर ते विसरत नाहीत. अर्जात नाव दोन्ही लिप्यांत, मोठ्या अक्षरांत लिहा. दिल्लीला चाणक्यपुरीत २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहिलं, तिथल्या भिंतीवरही नावं कोरलेली आहेत. इथली नोंद बरोबर असली तर पुढची वाट सोपी होते.

त्या दिवशी वडिलांना घेऊन जरा लवकर पोचा आणि त्यांच्यासाठी खुर्ची आधीच सांगून ठेवा, कार्यक्रमात बराच वेळ उभं राहावं लागतं. शोकशस्त्र होतं, म्हणजे जवान बंदुका उलट्या करून मान खाली घालतात. मग बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतो. फैरी झाडल्या जातात, त्यांचा आवाज फार मोठा असतो. मुलांना हे आदल्या दिवशी समजावून सांगा. बंदुकीचा आवाज अचानक कानावर आदळला तर लहान मूल पुढचं सगळं विसरतं आणि तेवढीच भीती घेऊन घरी येतं.

आता घरातलं. वर्षश्राद्ध तिथीने होतं आणि सरकारी कार्यक्रम तारखेने. साधारण वर्षी तिथी मागच्या तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना पडला असेल तर उलट १८-१९ दिवस पुढे जाते. त्यामुळे गुरुजींना आत्ताच विचारून दोन्ही दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथीचा दिवस घरचा ठेवा. वडिलांना त्या दिवशी जेवण घालायचं असेल तर घालू द्या, मात्र त्यात भाषणं, फ्लेक्स, सत्कार काही आणू नका. तारखेचा दिवस गावाचा. हे दोन दिवस एकत्र केले की पाहुणे पंगतीत अडकतात, गुरुजी ताटकळतात आणि वहिनींना रडायलाही जागा मिळत नाही.

वहिनी काही बोलत नाहीत याचा अर्थ त्यांची संमती आहे असा धरू नका. चारचौघांत विचाराल तर त्या ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणतील. एखाद्या बाईमाणसाला, त्यांच्या बहिणीला किंवा तुमच्या आईला, एकटीने बसून तीन गोष्टी विचारू द्या : फोटो कोणता लावायचा, मुलांना कार्यक्रमात आणायचं का, आणि अनावरण तुम्ही कराल का? तिसरा प्रश्न मुद्दाम विचारा. विधवेच्या हातून शुभकार्य नको म्हणणारं एखादं तोंड प्रत्येक गावात असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि सरकारने बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. दादांच्या नावावरचा पडदा बाजूला करण्याचा पहिला मान वहिनींचा आहे, आमदारांचा नाही. त्या नको म्हणाल्या तर वडिलांचा. आणि वहिनींच्या निवृत्तिवेतनाची, अनुकंपा नोकरीची कागदपत्रं कुठे अडली असतील तर पुतळ्याची बैठक पुढे ढकला, आधी ती कामं उरका.

फाट्यावरच्या पुतळ्याला आमचा स्पष्ट नकार आहे, आणि कारणं भावनेची नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर, रस्त्याकडेच्या जागेत पुतळा उभारायला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. खासगी किंवा संस्थेच्या जागेत उभारायचा म्हटलं तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि आधी मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तीन महिन्यांत हे होत नाही. मग मंडळी घाईने फायबरचा पुतळा आणून सोनेरी रंग देतात. दोन-चार उन्हाळ्यांत रंग उडतो आणि नाकाला तडा जातो. फोटोवरून काम करणारा कारागीर हवालदाराच्या तीन फितींऐवजी खांद्यावर तारे बसवतो, हेही नेहमीचंच. शिवाय सिंहस्थाची कामं चालू असताना नाशिकच्या रस्त्यांवर कुठलाही फाटा आज आहे तसा उद्या राहील याचा भरवसा नाही. रुंदीकरणात स्मारक हलतं आणि गोदामात जाऊन पडतं.

वर्गणी आजच थांबवा. धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते, ही गोष्ट गणपती मंडळांना माहीत असते, मित्रमंडळींना नसते. जमलेले पैसे एकाच मित्राच्या फोनवरच्या खात्यात असतील तर पुढे मैत्री तुटते. वहीत प्रत्येकाचं नाव आणि रक्कम लिहा, बेत बदलल्याचं सांगा आणि परत हवे असतील त्याला परत द्या.

मग करायचं काय? दहा वर्षांनी, कामाच्या दिवशी, एकट्या माणसालाही पार पाडता येईल असं काही निवडा. ज्या स्मारकाला वर्षातून एकदा कोणाचे तरी हात लागावे लागतात, ते विसरलं जात नाही. हार घातला नाही तरी पुतळा उभाच राहतो, म्हणून शेवटी कोणीच जात नाही.

तुमच्या गावासाठी आम्ही सुचवतो ते असं : शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीच्या सरावासाठी २०० मीटरची धावपट्टी आखा आणि तिच्या कडेला, शाळेच्या भिंतीवर, दादांच्या नावाचा दगड लावा. महाराष्ट्र पोलिसांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. निफाडपासून दिंडोरीपर्यंत खेड्यातली पोरं हा सराव पहाटे पाचला, अंधारात, डांबरी रस्त्याच्या कडेने करतात. दादा ज्या कारणाने गेले, तोच धोका ही मुलं रोज उचलतात. त्यांना रस्त्यावरून मैदानात आणणं हे दादांचंच अर्धवट राहिलेलं काम आहे असं आम्हाला मनापासून वाटतं.

जागा किती लागते ते आधी मोजा. ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं धरली तर दोन पट्ट्यांसह ८७ बाय ३७ मीटर, म्हणजे सुमारे ३२ गुंठे. मैदान चौकोनी असेल तर सरळ बाजू ३० मीटरच्या घ्या, मग ८० बाय ५० मध्ये बसतं. त्याहून लहान जागेत बसवायचा हट्ट नको, वळण तीव्र झालं की पोटऱ्या आणि नडग्या धरतात.

आखणी अशी. मैदानाच्या मधोमध ५० मीटर अंतरावर दोन खुंट ठोका. हे दोन्ही अर्धवर्तुळांचे मध्य. धावणारा आतल्या रेघेपासून साधारण २० सेंटीमीटर बाहेरून धावतो आणि अंतर तिथलं मोजतात. त्या वाटेची त्रिज्या १५.९२ मीटर हवी, म्हणून आतली रेघ १५.७२ मीटरवर मारायची. (३० मीटरच्या बाजू असतील तर हीच रेघ २२.०८ मीटरवर येते.) त्रिज्येसाठी सुतळी वापरू नका. सुतळी ताणली जाते, ओली झाली की आखडते, आणि दोन टोकांची वळणं वेगळी निघतात. लोखंडी फीत किंवा बारीक तार घ्या. सरळ बाजू काटकोनात आहेत का ते सहा-आठ-दहा मीटरच्या त्रिकोणाने तपासा, गवंडी पाया आखताना करतो तसंच. पट्टीची रुंदी १.२२ मीटर. वेळ घ्यायची ती आतल्याच पट्टीत, कारण बाहेरच्या पट्टीत एका फेरीला साडेसात मीटरच्या वर जास्त पडतात. आठ फेऱ्यांत ते साठ मीटर होतात आणि पोरगं उगाच खचतं. १०० मीटरची सरळ पट्टी वेगळी लागते. तिच्या पुढे थांबायला किमान २० मीटर मोकळे सोडा, भिंतीपाशी शेवटची रेघ आखली की हात मोडतो. गोळ्याची जागा धावपट्टीकडे पाठ करून. गोळे दोन आणा : मुलांचा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा.

ते दोन मधले खुंट कायमचे करा. फूटभर खोल खड्ड्यात सळईचा तुकडा सिमेंट-खडीत उभा करून तिचं डोकं जमिनीच्या पातळीला ठेवा, वर आलं तर कोणीतरी अडखळेल. खुंट पक्के असले की दर वर्षी आखणी एका सकाळीत होते. पावसाळ्यात फक्कीच्या रेघा धुऊन जातात, नोव्हेंबरात जमीन वाळलेली असते, आणि दादांची तारीखही नोव्हेंबरातच येते. त्या तारखेला सकाळी फीत, तार आणि दोन-तीन पोती फक्की घेऊन रेघा पुन्हा मारायच्या. वर्षाचा कार्यक्रम एवढाच.

तुमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बुटाला चिकटते. पहिल्या वर्षी नुसत्या फक्कीवर भागवा. पोरं खरंच धावू लागली तर दुसऱ्या वर्षी अडीच मीटर रुंदीत चार इंच मुरूम टाका. दबाई धरून वीस-बावीस ब्रास लागेल. मुरमाच्या रॉयल्टीचं ग्रामपंचायतीमार्फत तहसीलमध्ये विचारून मगच ट्रॅक्टर लावा, नाहीतर दादांच्या नावाच्या कामावर दंडाची पावती येईल. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या.

दगडाबद्दल. काळा ग्रॅनाइट, २० मिलिमीटर जाड, दोन बाय तीन फूट. असा दगड ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणून नुसत्या चिकटद्रव्यावर लावू नका. ऊन-पावसात ती पकड सुटते आणि दगड कोणाच्या तरी पायावर येतो. चार कोपऱ्यांना भोकं पाडून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, प्लॅस्टरमध्ये नाही तर आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये. साधा लोखंडी स्क्रू वापरला तर दुसऱ्या पावसाळ्यात गंजाचा ओघळ थेट नावावरून उतरतो. बोल्टचा आणखी एक फायदा, उद्या शाळेची जुनी इमारत पाडायची झाली तर दगड सोडवून घेता येतो. नावाचं अक्षर दोन इंच, बाकी मजकूर एक इंच. अक्षरं खोल कोरून घ्या, वरवर घासून रंग भरलेली अक्षरं लवकर पुसतात. कोरण्याआधी कागदावर पूर्ण आकाराची छपाई मागा आणि ती घरातल्या तिघांनी वेगवेगळी वाचा. संगणकातून दगडावर जाताना जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं. दगडावर चूक दुरुस्त होत नाही.

मजकूर थोडा ठेवा :

पोलीस हवालदार (पूर्ण नाव)
बक्कल नंबर (…), नाशिक ग्रामीण पोलीस दल
जन्म (तारीख) · वीरमरण (तारीख)
नाकाबंदीच्या कर्तव्यावर असताना
हे मैदान गावच्या मुलामुलींसाठी

‘शहीद’ या शब्दाची सरकारी व्याख्या नाही, केंद्र सरकारने तसं सांगितलेलंही आहे. तुम्हाला तो किंवा ‘हुतात्मा’ हा शब्द हवा असेल तर कोणी अडवणार नाही, पण सरकारी अर्जात तो शब्द घालून कागद अडकवू नका. खटला चालू आहे तोवर दगडावर, पत्रिकेत, भाषणात आरोपीचं नाव नको, ‘खून’ हा शब्द नको. पदकाचा उल्लेख ते जाहीर झालं असेल तरच करा, आणि पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हाला राष्ट्रपती पदक म्हणू नका. दगडावर पडदा म्हणून साधं पांढरं किंवा भगवं कापड चालेल, तिरंगा नाही. ध्वजसंहितेत पुतळ्यावर किंवा स्मारकावर झाकण म्हणून राष्ट्रध्वज वापरायला मनाई आहे, आणि त्यावर अक्षरं लिहायलाही.

फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला घेऊ नका. १२ बाय १८ इंचांच्या चांगल्या छपाईला लांब बाजूवर ५४०० बिंदू लागतात, व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बहुतेक वेळा १६०० च्या आसपास येतो. छापल्यावर चेहरा पुसट होतो आणि दुकानदार तो ‘सुधारून’ देतो, म्हणजे माणूसच बदलतो. मूळ छापील फोटो स्कॅन करा किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. गणवेश घरी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमट हवेत बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. पितळी बिल्ले आणि शिट्टीची दोरी वेगळी ठेवा, पितळाचा हिरवा डाग खाकीतून निघत नाही.

रक्तदान शिबिर घ्यायचं मनात असेल तर दिवाळीनंतरचा काळ चांगला, सुट्ट्यांमध्ये साठा आटलेला असतो. रक्तपेढीची तारीख महिनाभर आधी ठरवा आणि येणाऱ्यांना नाश्ता करून यायला सांगा. उपाशीपोटी आलेले तरुणच चक्कर येऊन पडतात.

अपघाताच्या जागी फुलं वाहायला जायचं झालं तर दिवसाउजेडी, दोघा-तिघांनीच, गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला लावून. दुभाजकावर कोणी चढू नये.

आणि त्या सकाळी रेघा मारून झाल्या की पहिली फेरी वडिलांनी चालत घ्यायची की पुतण्याने धावत, हे त्या दोघांवर सोडा. माइकवरून कोणाचं नाव पुकारू नका. फितीचं एक टोक मात्र पुतण्याच्या हातात द्या, म्हणजे खुंट कुठे पुरलेत ते त्याला माहीत होईल.